बांबू उडीच्या तीन शैली: आपल्या खेळाडूला कोणती, हे कसं ठरवायचं

मैदानात पोल व्हॉल्टच्या शैलीचा विषय निघाला की चर्चा हवेतल्या आकारावर जाते. पाय लांब ठेवायचे की पोटाशी घ्यायचे, झोका एका पायाचा की दोन्ही पायांचा, पट्टीवरून वळायचं कसं. हे सगळं महत्त्वाचं आहेच. पण हवेत काय करता येईल हे बऱ्याच अंशी जमिनीवरच ठरून गेलेलं असतं: शेवटची तीन पावलं, पोल बॉक्समध्ये (गादीपुढे जमिनीत बसवलेल्या खोबणीत) टेकण्याची वेळ आणि पाय जमीन सोडतो ती जागा. म्हणून इथे आधी टेकऑफ निकाली काढू, मग झोक्याकडे वळू. सगळं वर्णन उजव्या हाताच्या खेळाडूचं आहे: उजवा हात वर, डावा खाली, टेकऑफ डाव्या पायावर. डावखुऱ्यांनी उलटं वाचावं.

वाद मुळात कशाचा

१९६० च्या रोम ऑलिंपिकचं सुवर्ण डॉन ब्रॅगने धातूच्या ताठ पोलवर मिळवलं. चारच वर्षांनी टोकियोत फ्रेड हॅन्सन ५.१० मीटर उडाला तो फायबरग्लासवर. पोल वाकतो म्हटल्यावर तो जास्तीत जास्त वाकवायचा कसा, याच्या मागे सगळे लागले. त्यातून एक पद्धत रुजली. टेकऑफला बॉक्सच्या जवळ घुसायचं, डावा हात ताठ रेटून पोल वाकवायचा, गुडघे पोटाशी घेऊन अंगाचं गाठोडं करून वाट बघायची आणि पोल सरळ व्हायला लागला की पाय वर झटकायचे. हिला टक-अँड-शूट म्हणतात. सत्तरच्या दशकात हीच सगळीकडे चालायची आणि आजही कोणी न शिकवता पोरं आपोआप हिच्यावर येतात.

युक्रेनमध्ये प्रशिक्षक विताली पेत्रोव्ह यांनी विचाराची दिशाच फिरवली. पोल ताठ असता तर खेळाडूने काय केलं असतं? वर उडी मारून निघाला असता. तेच करा, वाकायचा तेव्हा पोल वाकेल. त्यांचा शिष्य सर्गेई बुबका १९८३ मध्ये हेलसिंकीत १९ व्या वर्षी ५.७० मीटरवर विश्वविजेता झाला, १९८५ मध्ये पॅरिसला ६ मीटर ओलांडणारा पहिला माणूस ठरला आणि १९९४ मध्ये सेस्ट्रिएरेला ६.१४ वर पोचला. पुढे इटलीचा ज्युसेप्पे गिबिलिस्को (२००३ चा विश्वविजेता) आणि ब्राझीलचा थियागो ब्राझ (रिओ २०१६, ६.०३ मीटर) हेही पेत्रोव्ह यांच्याच हाताखाली घडले. येलेना इसिनबायेवाने २००९ मध्ये झुरिकला ५.०६ केलं तेव्हाही तेच तिचे प्रशिक्षक होते.

तिसरी शैली दोन्ही पायांच्या झोक्याची. टेकऑफनंतर वर आलेला उजवा गुडघा खाली सोडायचा, दोन्ही पाय जोडायचे आणि घंटेच्या लोलकासारखा एकच मोठा झोका घ्यायचा. ही कमी दिसते, पण ज्याच्या अंगाला बसते त्याला छान बसते.

आपण या खेळाला अजून बांबू उडी म्हणतो, आणि खऱ्या बांबूवर कॉर्नेलियस वॉर्मरडॅमने १९४२ मध्ये ४.७७ मीटर पार केले होते. बांबू चूक पोटात घालत नाही. पाय आत पडला की सगळा धक्का खांद्यात येतो आणि उडी तिथेच मरते. त्यामुळे बांबूवर शिकलेला मुलगा नाइलाजाने का होईना, बरोबर जागेवरून आणि वर उडायला शिकतो. पेत्रोव्ह पद्धतीच्या मुळाशी हाच धडा आहे. शाळेत साध्या ताठ पोलवर सुरुवात झालेली असेल तर ती उणीव समजू नका. ती पुंजी आहे.

टेकऑफची जागा टेपने मोजा

पेत्रोव्ह पद्धतीत टेकऑफ मोकळा हवा. म्हणजे पोलचं टोक बॉक्सच्या मागच्या भिंतीला भिडण्याच्या क्षणी, किंवा त्याच्या निमिषभर आधी, डाव्या पायाचा चवडा जमीन सोडून गेलेला असतो. पोल अजून सरळ असतो. टक शैलीतला खेळाडू पाय जमिनीवर असतानाच पोल वाकवायला लागतो, कारण त्याचा पाय वरच्या हाताच्या पुढे, बॉक्सच्या बाजूला पडलेला असतो. याला मैदानात 'अंडर' म्हणतात.

अंडर गेल्याने नक्की काय बिघडतं ते आकड्यांत बघा. समजा पकड (पोलच्या खालच्या टोकापासून वरच्या मुठीपर्यंतचं अंतर) ४ मीटरवर आहे आणि चवड्यावर उभं राहून हात वर ताणला की वरची मूठ जमिनीपासून २.२० मीटरवर येते. बॉक्स २० सेंटीमीटर खोल असतो, म्हणून पोलच्या टोकापासून मुठीची उंची २.४० मीटर. पोल सरळ असताना मूठ आणि टोक यांच्यातलं आडवं अंतर ३.२० मीटर येतं. चवडा बरोबर मुठीखाली हवा, म्हणजे तोही टोकापासून ३.२० वर. आता पाय २० सेंटीमीटर आत, ३.०० वर पडला असं धरा. मूठ ते टोक सरळ अंतर उरलं ३.८४ मीटर आणि पोल आहे ४ मीटरचा. हे १६ सेंटीमीटर कुठून तरी गेलेच पाहिजेत. एक तर पाय जमिनीवर असतानाच पोल वाकतो, नाहीतर हात मागे खेचला जातो. दोन्हींची किंमत धावण्याच्या वेगातून वसूल होते.

आपल्या खेळाडूची जागा अशी काढा: पकडीचा वर्ग करा, त्यातून (मुठीची उंची + ०.२०) याचा वर्ग वजा करा आणि आलेल्या उत्तराचं वर्गमूळ घ्या. पकड ३.५० आणि मूठ २.१० असेल तर २.६४ मीटर. पकड ४.३०, मूठ २.२५ असेल तर ३.५३. टेप लावताना एक बारकावा सांभाळा. बॉक्सची मागची भिंत तळाशी १०५ अंशांचा कोन करते, म्हणजे गादीकडे कललेली असते. शून्य रेषा तिच्या वरच्या कडेवर धरतात, पण पोलचं टोक बसतं तळाशी, म्हणजे त्या रेषेच्या साधारण ५ सेंटीमीटर अलीकडे. शून्य रेषेपासून मोजत असाल तर उत्तरात ५ सेंटीमीटर मिळवा. ४ मीटर पकडीच्या उदाहरणात खूण ३.२५ वर पडेल.

पकड वाढवली की ही खूण सरकते. पकड १५ सेंटीमीटर वर नेली आणि धावण्याची सुरुवात तीच ठेवली, ही फार नेहमीची चूक आहे. खेळाडू काहीही न बदलता अंडर होतो आणि प्रशिक्षक त्याच्या हातांवर ओरडत बसतो.

फोनवर काय बघायचं

फोन स्टँडवर, कमरेच्या उंचीला, टेकऑफच्या खुणेच्या अगदी काटकोनात, ८ ते १० मीटर दूर ठेवा. चौकटीत पाय आणि बॉक्स दोन्ही आले पाहिजेत. वेग सेकंदाला २४० फ्रेमचा ठेवा. ८ मीटर प्रतिसेकंद धावणारा मुलगा एका फ्रेममध्ये साधारण ३ सेंटीमीटर पुढे सरकतो, म्हणून फ्रेम मोजल्या की अंतर कळतं.

आधी अशी फ्रेम शोधा जिथे पोलचं टोक भिंतीला टेकलं आहे. तिथे थांबा आणि तीन गोष्टी बघा. बुटाचे खिळे जमिनीत आहेत की हवेत? वरचा कोपर पूर्ण उघडलाय का? पोलवर बाक दिसतोय का? मोकळ्या टेकऑफमध्ये खिळे आणि जमीन यांच्यामध्ये उजेडाची बारीक फट दिसते, वरचा हात कानामागून सरळ वर गेलेला असतो आणि पोल पट्टीने आखल्यासारखा सरळ असतो. आता एकेक फ्रेम पुढे जा. पुढच्या ५-६ फ्रेममध्ये छाती हातांच्या पुढे जाते, डावा पाय मागे लांब राहतो, अंगाचं धनुष्य होतं. याउलट टोक टेकलं तेव्हा पाय जमिनीवर असेल, तर तो उठेपर्यंत किती फ्रेम जातात ते मोजा. २-३ फ्रेम असतील तर काळजी नको, ६ च्या पुढे गेल्या तर हवेतल्या शैलीबद्दल बोलण्यात अर्थ नाही.

शाळा-कॉलेजच्या पातळीवर पूर्ण मोकळा टेकऑफ दर वेळी साधत नाही. पाय मुठीखाली आणि हात वर, एवढं झालं तरी पुरेसं आहे. मोकळा टेकऑफ करायच्या हट्टापायी लांबून झेप घेणं ही वेगळीच चूक आहे. शेवटचं पाऊल ताणलं की कंबर खाली बसते आणि उडी वर जाण्याऐवजी पुढे जाते.

पोल धरणं आणि शेवटची तीन पावलं

पेत्रोव्ह पद्धतीत पोलचं टोक सुरुवातीला उंच असतं, जमिनीशी ६५ ते ८० अंश, आणि धावता धावता हळूहळू खाली येतं. जुन्या पद्धतीत टोक पहिल्यापासून डोळ्यांच्या उंचीला असतं. फरक वजनाचा आहे. ४.३० मीटरचा, सुमारे २ किलोचा पोल घ्या. वरची मूठ पोलच्या मागच्या टोकापासून १५ सेंटीमीटरवर, दोन मुठींत ६० सेंटीमीटर अंतर. पोल आडवा धरला की उजव्या हाताला साधारण ४.७ किलोने खाली दाबावं लागतं आणि डाव्यावर ६.७ किलो येतात. तोच पोल ६० अंशात धरला की उजव्या हाताचं काम निम्म्यावर येतं. तीसेक मीटर धावताना हा फरक खांद्यांना आणि पावलांना कळतो. ३.५० मीटरच्या हलक्या पोलवर ६ ते ८ पावलं धावणाऱ्या मुलाला मात्र उंच टोकाची सक्ती करू नका. टोक एकदम खाली आपटतं आणि तोल पुढे जातो. १० पावलांच्या पुढे गेल्यावर शिकवा.

टोक खाली येण्याची सुरुवात शेवटच्या ६ ते ८ पावलांत व्हावी आणि पोल आडवा होईतो प्लँट (हात वर नेत पोल बॉक्समध्ये टेकवणं) सुरू झालेला असावा. मोजणी अशी: शेवटून दुसरं डावं पाऊल टेकताना उजवा हात कमरेपासून निघतो. शेवटचं उजवं पाऊल टेकताना मूठ कानाजवळ असते. टेकऑफचं डावं पाऊल टेकेपर्यंत दोन्ही हात वर पोचलेले असतात. 'कंबर, कान, वर' असं बोलत चालत चालत रोज ३० वेळा करून घ्या. टेकऑफ झाल्यावर हात वर जात असेल तर प्लँट एक पाऊल उशिरा सुरू होतोय. हात लवकर हवेत नेणं अवघड वाटतं, पण त्यानेच शेवटची पावलं सरळ होतात.

हाताची उंची एवढी मोलाची का? वरच्याच उदाहरणात पोल जमिनीशी ३७ अंशांचा कोन करतो. कोपर अर्धवट वाकला आणि मूठ १० सेंटीमीटर खाली राहिली तर कोन ३५ वर येतो. पोल तेवढाच जास्त आडवा पडला आणि उभा व्हायला त्याला तेवढी जास्त वाट चालावी लागणार.

डावा हात: खरं भांडण इथे आहे

टक शैलीत डावा हात खांबासारखा ताठ रेटतात. त्याने पोल झटकन वाकतो आणि सोबत छाती मागे अडते. खांदे हातांच्या मागे राहिले की झोक्याला सुरुवातच मिळत नाही. मग गुडघे पोटाशी घेण्यावाचून उपाय उरत नाही. टकची सुरुवात पायांतून होत नाही, ती या अडलेल्या डाव्या हातातून होते.

पेत्रोव्ह पद्धतीत डावा हात वर रेटतो, पोलच्या दिशेला, आणि छाती पुढे आली की थोडा वाकू दिला जातो. तो ढिला सोडायचा असं मात्र नाही. ढिला हात म्हणजे छाती पोलवर आदळणार. ओळखण्याची खूण सोपी आहे: टेकऑफनंतर डावा कोपर बाहेर आणि वर दिसला तर ठीक, खाली बरगड्यांकडे आला तर ढिला. दोन मुठींमधलं अंतर इथे मदत करतं. रेटणारे ६० सेंटीमीटरपेक्षा जास्त ठेवतात. मोकळ्या छातीसाठी ४५ ते ५५ पुरतं.

झोका: लांब पाय, गाठोडं की दोन्ही पाय

पेत्रोव्ह पद्धतीच्या लांब पायाच्या झोक्यात डावा पाय मागून सरळ येतो, जणू पायाच्या अंगठ्याने समोरचा चेंडू लाथाडायचा आहे. उजवा गुडघा वरच राहतो. लांब पाय फिरवायला जड, पण तेवढीच जास्त ऊर्जा तो पोलमध्ये घालतो. त्यामुळे हाच माणूस जास्त ताठ पोल वापरू शकतो. झोका चालू असतानाच कंबर वर जाते, खांदे मागे पडतात आणि पोल सरळ होईपर्यंत खेळाडू उलटा, पोलला चिकटून असतो. मध्ये कुठे थांबणं नाही, हे या शैलीचं सार.

टकमध्ये अंग आखूड होतं म्हणून ते चटकन फिरतं. मोह याच गोष्टीचा होतो: मुलगा लवकर उलटा होतो आणि उडी झालीसारखी वाटते. पण पोलमध्ये टेकऑफनंतर फारसं काही घातलं जात नाही. पोल मऊ लागतो, आणि पाय वर झटकायची वेळ चुकली की खेळाडू वर न जाता पट्टीवर आडवा फेकला जातो. तरीही एक कबुली द्यायला हवी. गुडघ्यातून थोडं वाकणं आणि टक शैली या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. लांब झोक्याच्या शेवटी, कंबर खांद्याच्या उंचीला आल्यावर, बरेच उत्तम खेळाडू पाय जरा दुमडतात. त्यात बिघडत काही नाही. झोक्याच्या सुरुवातीलाच दुमडला तर दोष समजा.

दोन्ही पायांचा झोका सर्वांत जड. पोट, खांदे आणि पकड जबरदस्त असेल तर पोलला भरपूर ताकद मिळते. पण उजवा गुडघा खाली सोडण्याची सवय लागली की तो टेकऑफलाच नीट वर येईनासा होतो, आणि पोल उभा होण्याआधी थबकतो. शिवाय झोक्याला वेळ जास्त लागतो, त्यामुळे पोल ताठ असेल तर खेळाडू अर्ध्यावर असतानाच तो सरळ होऊन जातो. जिमनॅस्टिक्स किंवा मल्लखांब करून आलेल्या, उंचीने बेताच्या पण अंगात ताकद असलेल्या खेळाडूलाच हा सुचवा, आणि तोही एका पायाचा झोका शिकून झाल्यावर.

शैलीबद्दल बोलताना वेगाचं भान सुटू देऊ नका. धावण्याचा वेग ७.५ वरून ८ मीटर प्रतिसेकंदावर गेला तर निव्वळ हिशेबाने ३९ सेंटीमीटर उंचीची ऊर्जा वाढते. रेनो लाव्हिलेनीने २०१४ मध्ये डोनेट्स्कला ६.१६ केलं, तेव्हा बुबकाच्या साच्यात तंतोतंत बसत नसलेल्या माणसाने बुबकाचा विक्रम मोडला होता. आर्मंड डुप्लांटिस २०२५ मध्ये टोकियोत ६.३० उडाला, तो शेवटच्या टप्प्यात १० मीटर प्रतिसेकंदाच्या वर धावतो. साचा एक, माणसं अनेक. पण यातलं कोणीही टेकऑफ खराब ठेवून तिथे गेलेलं नाही.

आपल्या खेळाडूसाठी निवड

चार चाचण्या घ्या. पहिली, १० मीटरची उडती वेळ (आधीच वेगात येऊन पार केलेल्या १० मीटरची), पोलशिवाय आणि पोलसह. फरक ०.१० सेकंदापेक्षा जास्त असेल तर पोल धरण्यात दोष आहे. तो आधी काढा. दुसरी, वरचा फोनवरचा टेकऑफ. तिसरी, उंच बारला लटकून पाय सरळ ठेवून नडग्या बारला लावणं. न झुलता ५ वेळा जमलं तर लांब झोका शिकवायला हरकत नाही. दोन्ही पायांच्या झोक्यासाठी किमान ८ ते १० हवेत. चौथी, पकडीच्या वर किती जातो ते: पार केलेल्या उंचीतून (पकड − ०.२०) वजा करा. बुबकाची पकड सुमारे ५.१५ धरली तर ६.१४ ला हा आकडा १.१९ येतो. ४ मीटरची पकड आणि ४ मीटरची उडी म्हणजे ०.२०. हा आकडा ०.३० च्या खाली असेल तर पकड वाढवण्याने काही होणार नाही, झोक्यावर काम करा. ०.६० च्या वर असेल आणि टेकऑफ चांगला असेल तर पकड किंवा पोल वाढवायची वेळ आली आहे.

नवशिक्यांना, मुलगा असो की मुलगी, लांब पायाचा झोकाच शिकवावा, असं आमचं ठाम मत आहे. वर्षानुवर्षं टकवर खेळलेल्याचं सगळं एकदम मोडू नका. त्याचा टेकऑफ आणि डावा हात सुधारा. पुष्कळदा पाय आपोआप लांब होतात.

बदल घडवायचे सहा आठवडे

पहिले दोन आठवडे पोल वाकवायचाच नाही. लांब उडीच्या वाळूत ताठ पोल, पकड हात वर करून पोचते त्याच्या ३० सेंटीमीटर वर, २ ते ४ पावलं. टेकऑफ, लटकणं, पोलच्या उजव्या बाजूने पुढे जाऊन दोन्ही पायांवर उतरणं. दिवसाला २०. शेवटी गादीवर ४ ते ६ पावलं, पकड नेहमीपेक्षा ३० सेंटीमीटर खाली, पोल सरळ ठेवून उभा करणं. इथे पोल उभा होऊन गादीवर आत नेतो का, एवढंच बघा.

तिसऱ्या-चौथ्या आठवड्यात झोका जोडा. मैदानाबाहेर दोरीच्या मल्लखांबाइतकं चांगलं साधन नाही, आणि ते आपल्याकडे गावागावांत आहे. खाली जाड गादी टाका. दोरी वर पकडून, छाती पुढे काढून, डावा पाय मागून लांब आणायचा आणि नडग्या दोरीला लागेपर्यंत उलटं व्हायचं. खांदे मागे पडले पाहिजेत, हात मात्र सरळ. ४-४ चे ५ संच. मल्लखांब येणारी मुलं इथे हमखास हाताने ओढून वर जातात, कारण दोरीवर तीच सवय असते. ते थांबवा. पोलवर हात लवकर वाकला की झोका मेला.

पाचव्या-सहाव्या आठवड्यात ८ ते १० पावलं, पकड दर सरावाला ५ सेंटीमीटर वर, आणि प्रत्येक वेळी टेकऑफची खूण नव्याने. पट्टीऐवजी रबरी दोरी लावा. या काळात उंची २०-४० सेंटीमीटरने पडते. स्पर्धा तोंडावर असेल तर हा बदल सुरूच करू नका.

पोल आणि स्टँड जुळवणं

पोलवर पौंडात वजन लिहिलेलं असतं; ते खेळाडूच्या वजनाइतकं किंवा जास्त हवं. त्याशिवाय एक फ्लेक्स आकडा असतो: पोलच्या मध्यावर २२.७ किलो वजन टांगलं की तो किती सेंटीमीटर झुकतो. आकडा लहान तेवढा पोल ताठ. ढोबळ हिशेब असा की पकड १५ सेंटीमीटर वर नेली तर पोल सुमारे १० पौंडांनी मऊ वाटतो. मोकळा टेकऑफ जमू लागला की जुना पोल अचानक मऊ वाटतो आणि खेळाडू गादीत फार आत पडतो. ही प्रगतीची खूण आहे. ५ पौंड जास्त लिहिलेल्या पुढच्या पोलवर जा. पाय आत पाडून ते झाकू नका.

पट्टीचे स्टँड नियमाने शून्य रेषेपासून गादीकडे ० ते ८० सेंटीमीटर मागे नेता येतात. शिकणाऱ्यांनी ६० च्या आत आणू नयेत. चढताना पट्टी लागली तर स्टँड मागे न्या. वरून खाली येताना लागली आणि पोल झपाट्याने उभा होत असेल, तर खेळाडू सर्वांत उंच पोचतो तो पट्टीच्या अलीकडे का पलीकडे, ते बाजूने बघून मगच हलवा. पोल उभाच होत नसेल तर स्टँडने काही सुटत नाही. पकड १० ते १५ सेंटीमीटर खाली घ्या.

टेकऑफ बिघडला की पाय वर न्यायचेच नाहीत, हा नियम पहिल्या दिवशी घालून द्या. दोन्ही हातांनी पोल धरून, पाय खाली ठेवून गादीवर उतरायचं. लांब झोक्याचा आणि दोन्ही पायांच्या झोक्याचा खेळाडू उलटा असताना पोल थबकला तर तो बॉक्समध्ये डोक्यावर येऊ शकतो, म्हणून हा नियम त्यांनाच जास्त लागू. मोठ्या स्पर्धेसाठी गाद्या किमान ६ मीटर रुंद, बॉक्सच्या मागे ६ मीटर लांब आणि ०.८० मीटर जाड हव्यात. सरावाच्या गाद्या लहान असतील तर पकड त्या मानाने खाली ठेवा. बॉक्सभोवती मऊ कॉलर लावा, गाद्यांमधल्या फटी दर उडीनंतर बुजवा. पोलवरून रोज हात फिरवा. बुटाच्या खिळ्याचा ओरखडा नखाला लागला तर तो पोल बाजूला काढा. खरा बांबू वापरत असाल तर पेरापेरांत चीर गेली आहे का ते उन्हात धरून बघा, पेरांवर चिकटपट्टी गुंडाळा आणि मुठी कधीच शेवटच्या पेराच्या वर नेऊ नका.